टीव्हीचा आवाज

ती. आईंस,

विनयावन्संकडून तुमचा निरोप मिळाला. भुईगावचं घर तुमच्या नावावर आहे, तेव्हा मी मुकाट्याने माहेरी जावं.

घर तुमच्याच नावावर राहील. ते मी मागितलेलं नाही. पण मला इथून कोणी काढायचं नाही आणि कल्पेशने इथे पाऊल ठेवायचं नाही, असं कोर्टाने लिहून दिलं आहे. मी जाणार नाही.

शेजारच्या कमळीकाकी साक्षीला आल्या होत्या. तुमच्या मुलाच्या वकिलाने विचारलं, "मारताना डोळ्यांनी पाहिलंत का?"

काकी म्हणाल्या, "पायला नाय. पन यांचा टीवी मोठा झाला का आख्ख्या आळीला कळायचा. जायराती लागल्या तरी आवाज तेवढाच. जायराती कोन ऐकतो, सायेब?"

जजसाहेबांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. आई, रिमोट तुमच्या हातात असायचा.

लेकीकडे किती दिवस राहाल? परत या. तुमची खोली झाडून ठेवली आहे, केळींना पाणी मी देते आहे. तुम्हाला यायला कुणाची बंदी नाही.

हे पत्र मात्र पाठवत नाही. तुम्ही ते वाचून घ्यायला कल्पेशकडेच द्याल, आणि माझा एक शब्दही आता त्याच्या हाती द्यायचा नाही. तुम्ही आलात की समोर बसवून सांगेन. टीव्ही बंद करून.

तुमच्याच घरात राहणारी,
संजना