दोन डाव्या बाह्या

सोमवार, ५ मे

दुपारी फोन आला. पुरुषाचा आवाज, अगदी गोड. "बाई, रविवारी ऊन फार असेल. सभेला जाऊ नका, तब्येत सांभाळा." आणि ठेवला!

आईने विचारलं, कोण गं? म्हटलं, राँग नंबर. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेत तिने — टेप न लावता माप ओळखते.

रविवारी कामगारांच्या सभेत बोलायचंच आहे. रंगाच्या कारखान्यात बॉयलर फुटला, तिघं भाजून मेली. तो धोक्याचा आहे असा अहवाल वर्षभर आधी मालकाच्या टेबलावर होता. त्याची प्रत माझ्याकडे आहे. दोनच पानं. आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकांत बुडून काढलं, पण मोठ्याने वाचावंच असं यापेक्षा काही हाती लागलं नाही.

मंगळवार, ६ मे

हात स्वस्थ बसत नाहीत. त्यांना काम हवं म्हणून पडद्यांचं उरलेलं कापड काढलं. सुती, पांढऱ्यावर निळे छापील पट्टे. उन्हाळ्याचा साधा टॉप होईल. रविवारी तोच घालीन.

आई शेजारी बसून सांगत होती, मी कापत होते. लक्ष सगळं दाराकडे. दोन्ही बाह्या डाव्या कापल्या! उलटून लावावं तर छपाई आत जाते. आई म्हणाली, "तुझी मतंही तिकडचीच. जाऊ दे, बिनबाह्यांचा कर."

बाह्या दाराबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात.

बुधवार, ७ मे

कोपऱ्यावर मोटरसायकल. सकाळी होती. संध्याकाळीही तीच.

गुरुवार, ८ मे

दाराखालून पाकीट. आत माझ्या टॉपच्या कापडाचा चौकोनी तुकडा. सोबत वर्तमानपत्रातली अक्षरं चिकटवून — "रविवारी घरी बस". एकेरीवर आले!

म्हणजे कुणीतरी दोन जिने चढून आमच्या डब्यात हात घातला. मी काय कापते, काय टाकते, त्यांना माहीत आहे. व्यासपीठावरून मी गरजते, भीती हे मालकांनी पाळलेलं कुत्रं आहे म्हणून. आज ते माझ्या पलंगाखाली येऊन बसलंय.

पाकीट अहवालाच्या फाइलमध्ये लपवलं. आईला कशाला सांगा?

शुक्रवार, ९ मे

कडी तीनदा तपासली. मशीनवर शिवण पुन्हा पुन्हा वाकडी. आई — "हजार माणसं गप्प बसवतेस, एक शिवण सरळ बसेना?" मग कापड माझ्या हातून काढून घेतलं आणि उरलेलं तिनेच शिवलं.

शिवता शिवता, मान वर न करता म्हणाली, "तुझे बाबाही कारखान्याच्या गेटवर बोलायलाच गेले होते."

परतले ते तुटलेला जबडा घेऊन. सहा महिने तिने त्यांना चमच्याने भरवलं. पुढे ते बोलले, पण कळायचं फक्त तिलाच.

शनिवार, १० मे

संघटनेच्या सेक्रेटरीला फोन लावला — बरं नाही, येत नाही, असं सांगायला. त्याने उचलायच्या आत ठेवला. पुन्हा लावला. पुन्हा ठेवला.

रविवार, ११ मे

टॉप उलटा करून इस्त्री करत होते. आतल्या कडा आईने दातेरी कात्रीने कापल्यात, धागे सुटू नयेत म्हणून. ती कात्री तिच्या पेटीत असते. कुणाला हात लावू देत नाही. माझी कात्री साधी आहे.

पाकिटातला तुकडा काढला. चारही बाजू दातेरी.

धमकीचासुद्धा धागा सुटलेला चालला नाही तिला!

तुकडा टेबलावर ठेवला. आईने पाहिला. मग म्हणाली, "मानेमागचं बटण तुला लागायचं नाही. वळ."

वळले. तिलाही ते तिसऱ्या खेपेला लागलं.

"कोपऱ्यावर ती गाडी आजही आहे," ती म्हणाली. आणि स्वतःच्या चपला शोधू लागली.