टोपीवाला पाच

३ मार्च, सोमवार
तिसरी स्ट्राइक, म्हणजे चोरीचा तिसरा ठपका! सकाळी लेक फोन नाचवत आली — "बाबा, आपलं व्हिडिओचं चॅनेल जातंय!" सात दिवसांत पुरावा द्या, नाहीतर सगळं बंद. दोनशे बारा व्हिडिओ! हाताने बोर्ड रंगवायची माझी अख्खी विद्या त्यात आहे. दुकानांना आता छापील फलक पुरतात. ब्रश धरायला शिकतं कोण, तर हे चॅनेल बघणारे.

आरोप काय, तर माझे आकडे एका फॉन्टवाल्या कंपनीचे आहेत म्हणे. माझा पाच! डोक्यावर बाकदार टोपी, खाली सुटलेलं पोट — तीस वर्षं काढतोय मी तो पाच. चोराच्या उलट्या बोंबा!

४ मार्च
लेकीने शोधलं. कंपनीचा फॉन्ट फक्त सहा वर्षांचा! त्याआधीचा, तारीख घातलेला एक बोर्ड मिळाला की खेळ खलास. बायकोला म्हटलं, "आता बघच तू." ही म्हणाली, "आधी जेवून घ्या, मग लढा."

५ मार्च
पायांचे तुकडे पडले. बेकरीचा बोर्ड भंगारात गेला. औषधवाल्याने वरून रंग फासलाय. चावीवाला म्हणाला, "काका, तुमच्या बोर्डाचं मी टेबल केलं." टेबल उलटं करून पाहिलं. पाच एकही नाही! कपाळ माझं.

६ मार्च
सलूनवाला आठवला! त्याच्या जुन्या फोन नंबरात तीन पाच होते. जाऊन विचारलं. नव्या फलकामागे जुना पत्रा तसाच आहे म्हणाला, उद्या खोलू. मला घरात बसवेना. हिने दोनदा विचारलं, "मुंग्या चावतायत का?"

७ मार्च
सापडला! स्क्रू गंजलेले, सलूनवाला स्टुलावर, मी खालून ओरडतोय. फलक निघाला आणि तीन पाच एका रांगेत, टोप्या घालून! भर रस्त्यात नाचलो. आतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बाहेर आलं. कोपऱ्यात तारीख — सतरा वर्षांपूर्वीची. जिंकलो!

मग लेकीने फोटो मोठा केला. तारखेला चिकटून दोन ठिपके. आम्ही बोर्डावर नाव घालत नाही, खूण ठेवतो. माझी खूण आडवी रेघ. दोन ठिपके धाकट्याचे.

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. धंदा एकत्रच होता. नऊ वर्षांपूर्वी मीच त्याला चार लोकांत बोललो, "माझा पाच चोरतोस, लाज नाही वाटत?" तो ब्रश ठेवून निघून गेला. तेव्हापासून बोलणं नाही.

घरी येऊन नमुन्यांच्या जुन्या वह्या काढल्या. त्या बोर्डाआधीच्या एकाही पानावर टोपी नाही. सगळे पाच बोडके.

८ मार्च
लेक म्हणाली, ठिपके बारीक आहेत, फोटोत पुसता येतील. मी विचार केला. दिवसभर केला! लिहायलाही लाज वाटते.

९ मार्च
फॉर्ममध्ये विचारतात — मूळ काम कोणाचं? धाकट्याचं नाव लिहिलं. एकदम हलकं वाटलं. लेक म्हणाली, "मग काकांची सही लागेल, बाबा. नाही म्हणाले तर?"

तर गेलं चॅनेल. त्याने नाही म्हटलं तरी त्याचं काय चुकलं? उद्या शेवटचा दिवस.

१० मार्च
फोन केला. म्हटलं, "तो पाच तुझा रे. चोर मीच." तो म्हणाला, "माहितीये, दादा. तो बोर्ड रंगवताना शिडी तूच धरली होतीस. सही कुठे करायची, सांग."