हाताला गुण

३ फेब्रुवारी
आले एकदाची कोल्हापुरात. उचगावला खोली मिळाली आणि शहरात भाजलेल्यांच्या वॉर्डात नोकरी. घरमालकीण आक्कांनी पहिल्याच जेवणात इतकं वाढलं, की उठताना नाडी सैल करावी लागली. त्यांच्या लेखी मी डॉक्टर कमी, पावणं जास्त. बरं वाटलं.

५ फेब्रुवारी
पहिला पेशंट गुंडू, कागलच्या एका फाउंड्रीतला. छाती-पोट भाजलेलं, कातडी लाल, ओली. वारा लागला तरी बोंबलायचा. मला हायसं वाटलं. दुखतंय तोवर खालची कातडी जिवंत असते. दुखायचं थांबलं, की समजावं, खोल गेलं. मी बोटांनी दाबून पाहिलं, तसा तो शांत झाला. हसलासुद्धा. त्याची बायको म्हणाली, ‘म्याडम, तुमच्या हाताला गुण हाय की.’ दिवसभर मी हवेत होते.

७ फेब्रुवारी
गुंडूची पट्टी सोडली. माझी बोटं जिथे टेकली होती, तिथे पांढरं, कोरडं, चामड्यासारखं. सुई टोचली, त्याला कळलंच नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, जखम कधीकधी मागाहून खोल जाते, शिकली नाहीस का? शिकले. पण बोटांच्या आकारात?

८ फेब्रुवारी
हातमोज्यांवर हातमोजे घातले, तरी तेच. आणखी दोघे पेशंट माझा हात लागताच शांत झाले. नातेवाईक नारळ घेऊन येतात आणि मी हात पाठीमागे लपवते.

१० फेब्रुवारी
गुंडू गेला. शेवटपर्यंत म्हणत होता, कायबी दुखत न्हाय. रजा मागितली. मोठे डॉक्टर म्हणाले, लोक तुझंच नाव घेऊन येतात, रजा कसली?

११ फेब्रुवारी
वर्षाराणी. कॉलेजातली पोर. गुऱ्हाळात उकळता रस उडून दंड आणि चेहरा भाजलाय. किंचाळतेय. किंचाळू दे. मी हात लावला नाही, तर चेहरा वाचेल. तिच्या आईला, बनाबाईला, परोपरीने सांगितलं, माझा हात नको. ती म्हणाली, समद्यांना हात लावता, माझ्याच पोरीला का न्हाय?

१२ फेब्रुवारी
बनाबाईने माझं मनगट धरलं — पोरीच्या दंडावर दाबलं — सोडवता आलं नाही. पोर गप्प झाली. चहा मागितला.

औषधांच्या खोलीत कोंडून घेतलंय. बाहेर सगळे जमलेत. बनाबाई रडतेय, आनंदाने. ‘म्याडम, दंडाची आग गेली. आता तेवढा त्वांडावरनं हात फिरवा की.’

ओरडून सांगितलं. कुणी ऐकत नाही. दार हलतंय. कडीचे खिळे —