कार्ड काढलं आहे, आता येते

नेरडीगोंडा,
रविवार

चि. भाऊ नागसेन यास सखूताईचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. (तुझ्या भाऊजींचा गुडघा सोडून. त्याला ठीक म्हटलं की तो दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुखतो.) तुझी शुगर कशी आहे? तू सकाळी फिरायला म्हणून निघतो आणि तर्री-पोह्याच्या गाडीजवळ उभा राहतो, असं सुनयना सांगत होती. मी रागावत नाही, मला कळलं आहे एवढंच कळवते. सुनयनाला जय भीम सांग. अमरदीपला सांग, आत्यानं आशीर्वाद दिला आहे आणि गाडी हळू चालवायला सांगितलं आहे.

फोन असताना पत्र काऊन, असं तू म्हणशील. फोनवर तू मधे बोलतो, आणि पत्रात माणसाला मधे बोलता येत नाही. शेजारचा राजकुमार उद्या नागपूरला येऊन राह्यला, त्याच्याजवळ हे पत्र आणि ज्वारीचं पीठ देते. पीठ सुनयनाला दे, पत्र आधी तू वाच.

तर मैत्रीला सातवा महिना आहे आणि डॉक्टरीणबाईनं तिला पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलं, हे तुला माहीतच आहे. जावई अनुपरावांची हिंगण्याच्या कारखान्यात कधी दिवसाची तर कधी रात्रीची ड्युटी. लेकीला गरम भाकर कोण देणार? त्यांची खोली एकच, म्हणून मी झोपायला तुझ्याकडे इंदोऱ्याला राहीन, सकाळी डबा घेऊन मेट्रोनं लोकमान्य नगरला जाईन आणि संध्याकाळी परत येईन. बर्डीला गाडी बदलायची असते, ते पाठ आहे. अमरदीपनं मला गाडीवर सोडायचं नाही. एक तर त्याची नोकरी आहे, आणि दुसरं म्हणजे त्याच्या मागं बसलं की मला आपल्या आजीपासूनचे सगळे गेलेले लोक दिसायला लागतात.

मागच्या खेपेला काय झालं ते तुम्ही सगळे अजून एकमेकांना सांगता, मला माहीत आहे. तिकिटाचा कागद हरवू नये म्हणून मी तो पदराच्या गाठीत बांधला, कागदाचा बोळा झाला, आणि बाहेर निघायचं दार काही त्याला ओळखेना. त्याआधी बर्डीला चुकीच्या गाडीत बसून मी खापरीला जाऊन आले होते, तेही खरं. मैत्री बिचारी हापिस सोडून मला शोधत आली आणि स्टेशनवर सगळ्यांसमोर रडली. मी नाही रडले. पण तेव्हाच मनात घेतलं की पुढच्या वेळी कागद नाही, आपलं स्वतःचं कार्ड पाहिजे, पैसे भरून ठेवलेलं, आणि ते इथूनच काढून न्यायचं. तिथं खिडकीसमोर उभं राहून भांबावायचं नाही.

तुला वाटंल, इतक्या वयाच्या बाईनं प्रवासाचं एवढं काय मनावर घ्यावं. अरे, प्रवास मला नवा नाही. आमच्याकडे तेलंगणात बायांना बसचं तिकीट लागत नाही. आधार दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट देतो. निर्मल म्हणू नको, आदिलाबाद म्हणू नको, मी सगळं पालथं घातलं आहे. (मैत्रीचे बाबा सोबत असले की ते पैसे भरतात आणि उभे राहतात, मी फुकट जाते आणि खिडकीत बसते.) नागपूरच्या बसमधे मात्र पैनगंगेपर्यंतच असं चालतं. नदीच्या अलीकडे मी सरकारची पाहुणी, पलीकडे साधी प्रवासी. म्हणून म्हटलं, पलीकडची तयारी करावी.

बँकेचं एक कार्ड असतं, ते मेट्रोच्या दारालाही चालतं, असं कळलं. मी आदिलाबादला बँकेत गेले. तिथं सुरेंद्र नावाचा तेलुगू साहेब आहे, चांगला पोरगा, मला अम्मा म्हणतो. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, आता फोनवर नंबर येईल तो सांगा. आता खात्याला फोन जोडलेला मैत्रीच्या बाबांचा, आणि मैत्रीचे बाबा नेरडीगोंड्यात. माझा फोनही मी घरीच चार्जिंगला विसरले होते. म्हणून सुरेंद्रनं स्वतःच्या फोनवरून त्यांना लावून दिला, आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. मागं ही मोठी लाईन.

"मी सखू बोलून राह्यले. तुमच्या फोनवर नंबर आला असंल, तो सांगा."

"कोण सखू?"

"तुमची बायको."

"ते लोक असंच म्हणतात," मैत्रीचे बाबा म्हणाले.

तुला माहीत आहे, तुझ्या भाऊजींनी जन्मभर मास्तरकी केली. बँकेनं एकदा सांगितलं की नंबर कोणालाच द्यायचा नाही, म्हणजे त्यांच्या लेखी विषय संपला. फोन अनोळखी, मागं लोकांचा कालवा, आणि एक बाई नंबर मागून राह्यली. त्यांनी पुरावा मागितला. मी सांगितलं, लग्न वांकिडीला झालं. ते म्हणाले, हे साऱ्या तालुक्याला माहीत आहे, दुसरं सांगा. माझाही पारा चढला. मी म्हटलं, दाढ काढताना इंजेक्शन घेतलं नाही असं गावभर सांगता, आणि खरं म्हणजे इंजेक्शनची सुई पाहूनच तुमी खुर्चीतून खाली पडले होते. लाईन हसली. शिपाई हसला. मग तिकडून एकेक आकडा सावकाश आला, वर्गात शुद्धलेखन घालतात तसा. पण तोवर त्या नंबरची मुदत संपली होती.

सुरेंद्रनं दुसरा नंबर पाठवला. मला वाटलं, आता तरी सांगतील. तर म्हणाले, तो पुरावा जुन्या नंबरचा होता. मागचे लोक आता बसायला जागा शोधू लागले, एक जण तर म्हणाला की मावशी, सावकाश होऊ द्या. मला दुसरं काही सुचेना, म्हणून तोंडाला आलं ते बोलून गेले. म्हटलं, रिटायर झाले त्या दिवशी पाहुण्यांनीच सगळा वेळ खाल्ला आणि तुमचं भाषण राहून गेलं. ते भाषण तुमी अजून रोज सकाळी आरशासमोर करता, आणि मी झोपेचं सोंग घेऊन ऐकते.

भाऊ, बँकेत कोणी हसलं नाही. मैत्रीच्या बाबांनी एका दमात नंबर सांगितला आणि फोन ठेवला.

घरी आले तर ते गुडघ्याला तेल लावत बसले होते. मग जेवायला बसलो. भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी विचारलं, "लोक हसले काय?" मी खरं सांगितलं, पहिल्याला हसले, दुसऱ्याला नाही. त्यावर त्यांनी आणखी भाजी मागितली. (भाषण चांगलं आहे रे. शेवटी थोडं लांबतं.)

पुढं टपालानं कार्ड आलं, गुळगुळीत, त्यावर माझं नाव. मी मोबाईलच्या दुकानातून त्यात पैसेही भरले. तेव्हा दुकानदारानं सांगितलं की पैसे गेले आहेत, पण ते कार्डात उतरायचे तर मेट्रोच्या स्टेशनात जाऊन तिथल्या मशीनला कार्ड लावावं लागतं. म्हणजे पैसे माझ्याकडेही नाहीत आणि कार्डातही नाहीत, मधे कुठंतरी आहेत. मी म्हटलं असू दे, मी पोहोचेपर्यंत तेही पोहोचतील.

राहिला सराव. तो आम्ही अंगणाच्या फाटकावर केला. फाटकाच्या खांबाला मी कार्ड लावायचं आणि मैत्रीच्या बाबांनी दार उघडायचं. त्यांनी हे काम शाळेसारखं धरलं. घाईनं लावलं की उघडत नव्हते, तिरपं लावलं तरी उघडत नव्हते, आणि उघडल्यावर मी रेंगाळले की पदरावर दार लावत होते. मधेच वामनराव फवारणीचा पंप मागायला आले, त्यांनाही कार्डाशिवाय आत घेईनात. वामनरावांनी खिशातलं रेशनकार्ड दाखवलं. ते चालत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. ते रागानं गेले आणि पंप राहिला तो राहिलाच. पण आता मला झोपेतही कार्ड लावता येतं. डाव्या हातात डबा, उजव्या हातात कार्ड, नजर समोर, आणि बर्डीला पाट्या वाचून गाडी बदलायची.

तेव्हा मंगळवारच्या सकाळच्या बसनं मी निघते. कोणी घ्यायला यायचं नाही. सर्वांना यथायोग्य सांग आणि स्वतःच्या पायांना जप.

तुझी ताई,
सखू

ता. क. – पीठ चाळून घ्यायला सांग. यंदा चक्कीवाल्यानं जाडंच दळलं.

ता. क. – हे सुनयनाला वाचून दाखवू नको. मैत्रीनं मला बोलावलेलं नाही. फोनवर म्हणाली, आई, तू नको येऊ, मागच्यासारखं झालं तर मला पडल्या पडल्या तुझाच घोर लागंल, आमी एक बाई ठेवतो. मी बरं म्हटलं. आता ज्या दिवशी हे पत्र मिळंल त्याच दिवशी तू तिच्याकडे जा. मामाचं ती ऐकते. माझं नाव न काढता असं काही बोल की आईला बोलवावं हे तिच्याच मनात आलं, असं तिला वाटलं पाहिजे. आईनं कार्ड काढलं आहे, हे मात्र नक्की सांग.

ता. क. – ती हो म्हणाली तर फोन कर. नाही म्हणाली तर करू नको, मी बसमधे असेन.