रिबीन बांधलेलं काम

ब्रुकलिन, न्यूयॉर्क
२ नोव्हेंबर १९९६

ती. फीमीताईस,
लिस्ट्राचा सा. न. वि. वि.

घरी पाठवायचं पिंप एकदाचं बोटीवर चढलं. तांदूळ, तेल, साबण आणि तुझ्या गुडघ्याचं मलम वरच आहे. ओडेटचे बूट तळाशी आहेत, त्यात मोजे कोंबलेत, ते कागद समजून फेकू नकोस. कागदावर पाऊल ठेवून तू रेघ मारून पाठवलीस त्यावरून माप घेतलं. दुकानातला माणूस विचारत होता की पाय कुणाचा. माझ्या मुलीचा म्हटलं, तर म्हणाला, तिलाच का नाही आणलंत! काय सांगणार त्याला?

इकडे सगळं ठीक. मिसेस व्हिटेकरांचा नेड शाळेत जायला लागलाय आणि पॉली तीन वर्षांची झाली. सकाळी माझ्याच हातून केस विंचरून घेते, आईला हात लावू देत नाही. बागेतल्या बाकावर आम्ही दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या सगळ्या जणी जमतो तेव्हा आता एकच विषय, नाताळचं पाकीट. नाताळच्या आधीच्या शुक्रवारी दोन आठवड्यांचा पगार पाकिटात, वर मुलांनी काढलेलं चित्र, असा इथला रिवाज. आमची पुढारी म्हणजे सेंट व्हिन्सेंटची अर्डीनमावशी. तिचा नियम असा की जुना कोट आणि वासाची मेणबत्ती यांना बोनस म्हणायचं नाही. मला गेल्या वर्षी पाकिटाबरोबर दोन्ही मिळालं होतं. कोटाला मधलं बटण नव्हतं.

आता खरी गोष्ट. ऑगस्टमध्ये माझे इथे कायमचं राहायचे कागद झाले हे तुला माहीत आहेच. सहा वर्षं इथून हलले असते तर परत येता आलं नसतं, आता तसं नाही. यंदाच्या पाकिटातून तिकीट काढायचं आणि जानेवारीत दोन आठवडे घरी यायचं, असं ठरवलंय. मिसेसना रजेचं कानावर घातलंय, त्या हो म्हणाल्यात. ओडेटला मात्र तिकीट हातात पडेपर्यंत काही बोलू नकोस. येते येते म्हणून मी तिला मागे दोनदा फसवलंय, तिसऱ्यांदा तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

थोरांना नमस्कार, पोरीला खूप पापे. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
लिस्ट्रा


ग्वाव, ग्रेनाडा
१६ नोव्हेंबर १९९६

चि. लिस्ट्रा हिस,
फीमीताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं आणि घोटाळा झाला. मी वखारीत जायफळं निवडत बसलेली आणि पोस्टमनने पत्र दिलं ओडेटच्या हातात. पाकिटावर माझं नाव होतं, पण तिने फोडलं. विचारलं तर म्हणते की मजकूर तिच्याबद्दलच होता, मग फोडलं तर काय बिघडलं. पंधरा वर्षांची झाली, आता तोंडाला तोंड देते. कुणावर गेली आहे ते मी बोलत नाही.

तुझ्या येण्याबद्दल काही म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. रात्री भांडी घासताना म्हणाली की त्या व्हिटेकरांच्या घरात दोन मुलांना दोन आया आहेत आणि इथे एकीला एकही नाही. मी म्हटलं, अगं भवाने, मी काय मेलेय का? तर गळ्यात पडून रडली. पण तुझं नाव काही घेतलं नाही. लिस्ट्रा, मी पोर वाढवली, तिला न्हाऊमाखू घातलं, पण ही जागा मला भरता येत नाही. यंदा काहीही कर आणि ये. अजून एक वर्ष गेलं तर ती तुझी उरणार नाही, असं मला स्पष्ट दिसतंय.

नाताळच्या काळ्या केकसाठी मनुका ऑगस्टपासून रममध्ये बुडवून ठेवल्यात. येता-जाता मी चव बघते असा आरोप आहे, तो खोटा आहे. तुझ्या वाटचा केक जानेवारीपर्यंत डब्यात ठेवीन.

तब्येतीला जप. त्या बटण नसलेल्या कोटाला बटण लाव आधी.
तुझी,
फीमीताई


ब्रुकलिन
३० नोव्हेंबर १९९६

ती. फीमीताईस,
सा. न. वि. वि.

ताई, माझ्या तोंडाला पानं पुसली गं!

काल सकाळी कामावर गेले तर स्वयंपाकघरात सगळे उभे. टेबलावर हिरव्या कागदात गुंडाळलेला खोका, त्याला ही भलीमोठी लाल रिबीन. पॉली उड्या मारतेय, साहेब कॅमेरा घेऊन तयार. उघडला तर आत गवती टोपी आणि टोपीखाली विमानाचं तिकीट. बार्बाडोसचं! एकवीस डिसेंबरला जायचं, तीन जानेवारीला परत. मिसेस म्हणाल्या की दरवर्षी पाकीट देणं किती कोरडं वाटतं, यंदा पाकिटाऐवजी काहीतरी मनापासूनचं द्यावं असं वाटलं, मला समुद्राची आठवण येते ना. फोटोसाठी मी हसले. तीनदा थँक्यू म्हणाले. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मग हळूहळू उलगडा होत गेला. हॉटेलात माझी खाट मुलांच्या खोलीत, दोघांच्या मधे. संध्याकाळी मिस्टर-मिसेस मित्रांबरोबर जेवायला बाहेर. एकही दिवस सुट्टी नाही, नाताळलासुद्धा नाही. आणि एवढी समुद्रावरची सुट्टी झाल्यावर जानेवारीत पुन्हा रजा कशाला, हेही त्यांनी गोड आवाजात सांगितलं. म्हणजे पाकीट गेलं आणि रजाही गेली. मी धीर करून विचारलं की तिथून छोट्या विमानाने तासाभरात आमचं घर आहे, निदान तीन दिवस जाऊ का. त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या की सगळा बेत माझ्यावर उभा आहे, मग मुलं कोण बघणार? आणि वर सुचवलं की मुलीलाच एखाद्या दुपारी किनाऱ्यावर का बोलावून घेत नाही, मुलांबरोबर खेळेल ती. जणू ओडेट पलीकडच्या गल्लीत राहते!

बाकावर सांगितलं तर अर्डीनमावशी ठसका लागेपर्यंत हसली. मग म्हणाली की बये, तुझ्याच कामाला रिबीन बांधून तुलाच बक्षीस दिलंय त्यांनी.

मी अजून हो-नाही काही बोलले नाही. आतून नुसती धुमसतेय. काय करू ते कळव. फोनवर हे सगळं सांगायला कार्ड पुरत नाही, आणि मी रडले की निम्मं संपतं.
तुझ्या मायेची भुकेली,
लिस्ट्रा


ग्वाव
१० डिसेंबर १९९६

चि. लिस्ट्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मोडेस्टांच्या जावयाबरोबर पाठवतेय, तो परवा न्यूयॉर्कला पोचतोय.

तुझं वाचून अंगाचा तिळपापड झाला. किनाऱ्यावर बोलावून घे म्हणे! त्या बाईला ग्वावला आण, मी तिला दिवसभर जायफळं निवडायला बसवते आणि संध्याकाळी एक जायफळ भेट देते. पण माझं वय झालंय, म्हणून शहाणपणाचंही सांगते. त्यांनी तुझ्या कागदांवर सही केली होती. घराचं छप्पर त्यांच्या पगारावर झालं. ओडेटची फी त्यातूनच जाते. तू बिघडवलंस आणि त्यांनी काढून टाकलं, तर पुढच्या नाताळला तिकीट कुठलं आणि पिंप कुठलं? यंदा गिळ. हात जोडून सांगते. पोरीची समजूत मी घालीन.

असं लिहून मी पत्र चिकटवणार होते, तर ओडेट आली. तिने माझं वाचलं (कुणाचंही वाचते ती) आणि एक चिठ्ठी आत घातली. मी ती वाचलेली नाही. म्हणजे एकदाच वाचली.
तुझं भलंच चिंतणारी,
फीमीताई

(सोबतची चिठ्ठी)

टोपी छान असेल. मला किनाऱ्यावर बोलावू नकोस. दुसऱ्यांच्या मुलांना आंघोळ घालताना तू कशी दिसतेस ते बघायला मी येणार नाही. फीमीमावशी म्हणते गिळ. मी सहा वर्षं गिळतेय, आता नाही गिळवत. यायचं तर घरी ये. नाहीतर पिंप पाठवत जा, ते वेळेवर येतं.
ओडेट


ब्रुकलिन
१८ डिसेंबर १९९६

ती. फीमीताईस,
सा. न. वि. वि.

तुझा सल्ला मी मानला नाही, याबद्दल आधीच माफी मागते आणि पुढे लिहिते.

चिठ्ठी मी कामाला जाताना वाचली. दोन थांबे पुढे गेले तरी कळलं नाही. उलट चालत आले आणि चालता चालताच डोकं साफ झालं. संध्याकाळी मुलं टीव्हीपुढे बसवली, खोका कपाटातून काढला, रिबीन पुन्हा नीट बांधली आणि टेबलावर मिस्टर-मिसेसपुढे ठेवला. म्हटलं, मला एवढंच सांगा की ही भेट आहे की काम आहे.

मिसेस म्हणाल्या, अर्थातच भेट आहे, असं काय विचारतेस. मी म्हटलं, बरं झालं. भेट असेल तर ती माझी झाली, तिचं काय करायचं ते मी ठरवणार. मग या तिकिटावर मी बार्बाडोसपर्यंत येईन, मुलांना विमानात सांभाळीन, विमानतळावर तुमच्या हातात देईन आणि तिथून घरी जाईन. आणि काम असेल तर तेही चालेल, पण मग त्याला काम म्हणा, रोजचा पगार द्या, सुट्टीचे दिवस द्या, आणि माझं नाताळचं पाकीट वेगळं. दोन्ही एकाच रिबिनीत बसत नाही.

ताई, मी टेबल धरून उभी होते. पण आवाज नाही गं हलला! साहेब वकील आहेत. त्यांनी रिबीन सोडली आणि तिकीट दोन्ही बाजूंनी वाचलं. मिसेस लालेलाल झाल्या. त्यांनी कागदांवरच्या सहीची आठवण करून दिली. मी म्हटलं, सहीचे उपकार मानते आणि मरेपर्यंत मानीन, पण सही माझ्या कागदांवर केलीत, माझ्या मुलीवर नाही. त्यावर त्या म्हणाल्या की असंच असेल तर जानेवारीत माझ्या जागेचा विचार करावा लागेल. मी म्हटलं, करा विचार, मीही करते.

तिकीट मात्र परत मागितलं नाही त्यांनी. भेट म्हणून बसल्या होत्या ना.

पॉलीला निजवताना मात्र रडू आलं. तिचा काय दोष? पण तिची आई तिच्याजवळ असणार आहे चौदा दिवस, आणि ते वाईट नाही.

बार्बाडोसपासून पुढच्या तिकिटासाठी अर्डीनमावशीने बाकावरच्या भिशीत माझा नंबर आधी लावला. तीन जणींनी आपली पाळी सोडली. बावीसला दुपारी पोचते. हे पत्र कॅलिस्टच्या मुलीबरोबर माझ्या दोन दिवस आधी येईल. ओडेटला सांगू नकोस म्हणून आता म्हणत नाही. सांग.

काम राहील की जाईल देव जाणे. रागावली असलीस तर विमानतळावर रागाव, पण ये.
तुझीच हट्टी,
लिस्ट्रा


ग्वाव
१ जानेवारी १९९७

ती. अर्डीनमावशीस,
सा. न. वि. वि.

नवीन वर्ष तुला आणि बाकावरच्या सगळ्या जणींना सुखाचं जावो. तुमच्या भिशीच्या पुण्याईने मी माझ्या घरात बसून हे लिहितेय.

ओडेट विमानतळावर आली नाही. घरी पोचले तर चुलीशी उभी, माझ्यापेक्षा वीतभर उंच. पाहुण्यांच्या कपात चहा दिला. मी तिच्या कपात दोन चमचे साखर घातली, तर म्हणाली की तीन वर्षांपूर्वीच सोडली साखर. चार दिवस आम्ही दोघी शेजारणींसारख्या अदबीने बोललो, काय सांगू तुला! नाताळचा केकसुद्धा घशाखाली उतरेना. पाचव्या दिवशी मी तिच्या फ्रॉकच्या उंचीवर काहीतरी बोलले आणि ती अशी काही भडकली की गल्ली गोळा झाली. सहा वर्षांचं सगळं बाहेर काढलं तिने. पहिल्यांदा न्हाती झाली तेव्हा मी कुठे होते, तापाने फणफणली तेव्हा कुठे होते. मी एका शब्दाने उलटले नाही. नुसती ऐकत बसले आणि मनात म्हटलं, बोल बाई, बोल, परक्याशी कुणी असं भांडत नाही. रात्री माझ्या खाटेवर येऊन पाठ करून झोपली. पाठ तर पाठ.

आणि काल दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. तिथला नंबर मीच कधीतरी त्यांना देऊन ठेवलेला. मिसेस व्हिटेकर! म्हणाल्या की हॉटेलातली बाई मुलांना आवडत नाही, पॉली जेवत नाही, जे झालं ते विसरू, आज संध्याकाळच्या विमानाने ये, तिकीट आम्ही काढतो, आणि पाकीट तयार आहे, चार आठवड्यांचं. मावशी, चार!  फी, छप्पर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पॉलीचा आवाज मागून ऐकू येत होता. ओडेट माझ्याबरोबर आलेली, बिस्किटांच्या बरण्यांकडे बघत उभी. एकाच बरणीकडे बघत होती.

मी मिसेसना सांगितलं की पॉलीला पाव दुधात बुडवून द्या आणि केस विंचरताना खालून सुरुवात करा, म्हणजे रडणार नाही. पाकीट दोनच आठवड्यांचं ठेवा, तेवढंच माझं आहे, आणि परतीच्या तिकिटाची तारीख मी पुढे ढकललीय, तेव्हा ते बारा तारखेला येऊन घेईन, काम ठेवलंत तरी आणि नाही ठेवलंत तरी. आज मात्र येणार नाही. आणि मीच फोन ठेवला. आपण होऊन त्यांचा फोन ठेवायची माझी पहिलीच वेळ.

दुकानदार भलता चौकस. अमेरिकेचा फोन होता का, कोण होतं, काही वाईट बातमी का, म्हणून विचारायला लागला.  तेव्हा ओडेटने बरणीवरून नजर न काढता त्याला सांगून टाकलं की कुणी नाही हो, माझ्या आईच्या कामावरची बाई होती, आणि माझी आई सध्या सुट्टीवर आहे.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी,
लिस्ट्रा