चुकीच्या शब्दांचं अस्वल

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

फोनच केला असता, पण तुमच्या दोन खोल्यांत बाबांना सगळं ऐकू जातं, आणि हे आधी तुझ्या कानावर घालायचंय. माझं पुस्तक छापायचं ठरलंय. दाताच्या दवाखान्यात ताटकळलेल्या पोरांना मी काउंटरमागून गोष्टी सांगते, ते तुला ठाऊक आहे. गोष्ट संपेपर्यंत पेशंट खुर्चीत यायला तयार नसतात, अशी डॉक्टरांची कुरकुर असते. अशाच एका पोराची आई मुलांची पुस्तकं काढते. तिने गोष्ट लिहून मागितली, आणि तिला ती आवडली.

सोबत कागद पाठवतेय. एक म्हातारं अस्वल हिवाळ्याची झोप काढून उठतं, तर डोक्यातल्या शब्दांची अदलाबदल झालेली. छत्री मागायला जातं, तोंडून ‘खिडकी’ निघतं, आणि खिडकी टुणटुण उड्या मारत हजर होते. वाच आणि स्पष्ट सांग. भावोजींची पाठ कशी आहे? चिमणीला मावशीचा पापा.

तुझी माया आहे तशीच राहू दे, एवढंच मागणं.

तुझी,
छोटी

९ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

पुस्तकाचं वाचून ऊर भरून आला. मग गोष्ट वाचली. अस्वल कोण, ते तू सांगायला नको. मेंदूचा झटका आल्यापासून बाबा चहा मागताना ‘जिना’ म्हणतात, ते तू सुट्टीपुरतं ऐकलंस. मी रोज ऐकते. मध्यंतरी शेजारचे काका त्यांच्या बोलण्यावर हसले, तेव्हापासून बाबा बोलायचेच थांबलेत. नुसती मान हलवतात. मी शब्द सुधारून दिला की भिंतीकडे तोंड करतात.

आणि तू त्याचं पुस्तक करणार, तेही चित्रांसकट. पोरांचं हसणं तुझ्या वाट्याला येईल आणि बाबांचा पडलेला चेहरा माझ्या. रागाने लिहीत नाही, पण विचार कर.

तुझे भावोजी उभे राहूनच जेवतात, बाकी बरे आहेत. वेळेवर खात जा, आणि माझ्यावर रुसू नकोस.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

रुसले नाही. त्या बाईंना थांबायला कळवलंय. बाबा नको म्हणाले, तर गोष्ट परत मागवीन.

पण मी त्यांना हसत नव्हते गं. ते लिफ्ट दुरुस्तीला जाताना आपल्याला न्यायचे, आठवतं? लिफ्ट मधेच अडकली की सांगायचे, दोन मजल्यांच्या मधे आणखी एक मजला असतो, तिथल्या माणसांनी आपल्याला पाहुणचारासाठी थांबवून घेतलंय. माझं रडणं तिथेच थांबायचं. मला गोष्ट रचता येते ती तिथून. त्यांचे शब्द गेले तेव्हा करण्यासारखं दुसरं काहीच माझ्या हातात नव्हतं, म्हणून गोष्ट केली. तूच त्यांना विचार. मला धीर होत नाही.

रागावलीस तरी पत्र लिहीत राहा.

तुझी,
छोटी

२४ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

मलाही धीर झाला नाही. कागद कपाटात ठेवले होते. ते चिमणीने शोधले आणि बाबांच्या पायाशी बसून मोठ्याने वाचायला लागली. मी स्वयंपाकघरात जीव मुठीत धरून उभी. खिडकी उड्या मारत आली तिथे बाबा हसले. असे हसले की ठसका लागला. मग चिमणीने विचारलं, अस्वलाने चप्पल मागितली तर काय येईल? बाबांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, हत्ती. छोटे, तो शब्द त्यांनी मुद्दाम चुकवला होता. मग दोघांचा संध्याकाळभर तोच खेळ.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका आले. बाबांना ‘बसा’ म्हणायचं होतं, निघालं ‘पोहा’. आधी बाबाच हसले. काकांना कुठे बघावं ते कळेना, मग बिचाऱ्यांनी हवेत दोन हात मारले आणि बसले. मी आता सुधारत नाही.

गोष्ट छापायची का, ते बाबांना विचारलं. उत्तर स्वतःच देणार म्हणाले. चिमणीने लिहून घेतलंय. एकही शब्द बदलायचा नाही अशी तिला ताकीद होती. सोबत पाठवतेय.

कधी येतेस? वाट बघतोय सगळे.

तुझी,
ताई

चि. छोटीस,
अनेक उत्तम टोप्या.

अस्वल ऐकलं. छान पिकलंय. बाग छाप. माझी काही खुंटी नाही.

एक चूक आहे. तुझं अस्वल पहिल्याच दिवशी गंमत करतं. तसं नसतं. ते घाबरतं. आपल्या माणसांना हाक मारायला जातं आणि नाव येत नाही. खूप घाबरतं. ते तू गाळलंस. मला वाईट वाटेल म्हणून गाळलं असशील. ते लिही. पोरांना समजतं.

नंतर हसू दे त्यांना. आधी थोडा वेळ त्याच्या शेजारी बसू दे.

लोभ शिजत राहो.

बाबा