नाल्यावरचा तिसरा गियर

बैहर, १२ फेब्रुवारी १९७१

प्रिय आनंदी,

लहानपणापासूनच्या मैत्रिणी आपण, आणि एकाच गावात राहून पाच महिने मी तुझ्या दारात आले नाही. जंगलात ओंडका डोक्याला लागून तुझे धनी, महागू भाऊ, खाटेवर पडले, तरीसुद्धा. कारण सांगते. रागाव, पण वाच.

आमच्या यांना जंगल खात्याची डिझेल जीप मिळाल्यापासून घरात तिचंच बोलणं. जेवताना पाटावर बसूनही पाय क्लच दाबायचा. ऐकून ऐकून मलाही आवाजावरून गियर कळू लागला. नाल्याच्या चढावर दुसरा टाकायचा, इंजिन मोकळं ओरडू द्यायचं. तिसऱ्यात चढवली की ते गुदमरतं, धक्के खातं. बसचा ड्रायव्हर हिरालाल तसं करायचा, तर हे भर चौकात म्हणाले होते, "काहून बे, इंजिनाचा जीव घेऊन राह्यला का?"

आणि हाच माणूस रोज संध्याकाळी तुझ्या घरापुढचा चढ तिसऱ्यात चढू लागला. मी अंगणात कान लावून बसायची. गाडी कण्हत कण्हत तुझ्या दारावरून जायची. घर मागं पडलं की मग दुसरा. एवढं हळू कशासाठी? तू दारात असशील, हे बघत असतील. महागू भाऊ अंथरुणावर, म्हणून तर माझा संशय आणखीच वाढला. तुझी लांब वेणी आठवायची आणि माझी भाकर करपायची. तू पाठवलेली चारोळीची पुडीही मी परत केली.

मागच्या आठवड्यात परसवाड्याहून यांच्याच जीपमधून आले. चढावर गाडी धडधडू लागली, मी यांचे डोळे बघत होते. ते रस्त्यावरच होते. शेवटी विचारलं, दुसरा काहून नाही टाकत? म्हणाले, "हळू बोल. इंजिन ओरडलं की महागूच्या डोक्यात घाव बसतेत. आनंदी त्याचे कान दाबून धरते. एकदा खिडकीतून दिसलं मले."

त्याच दिवशी यायला हवं होतं. लाजेनं राहिले. आणि खरं सांगू, तेव्हाही थोडी जळलेच. माझं डोकं दुखतं तेव्हा हे अंगणात गाडी घुरघुरत ठेवतात.

काल संध्याकाळी भाकर तव्यावर होती. नाल्यावर गाडीनं दुसरा गियर घेतला. पूर्ण आवाजात ती तुझ्या घरावरून चढून आली. मला कोणी सांगावं लागलं नाही. हे घरात येऊन एवढंच म्हणाले, "आता कोणासाठी हळू जाऊ?"

तुझ्यासमोर तोंड उघडणार नाही, म्हणून लिहिलं. पत्र यांच्याच हाती देते. तुझ्या दारात थांबतील, आत येऊन बसतील. मी जीपच्या मागच्या सीटवर असेन. बोलावलंस तर उतरेन.

तुझीच, अजून चालत असेन तर,
पुष्पलता